नळ बंद, तरी सिंक भरतंय. हे पाणी कुणाचं?

चाफेकळी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातल्या सिंकबद्दल विचारायचं आहे. आमची इमारत 1988 सालची, खाली दुकानं आणि वर चार मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर. दिवाळी झाल्यापासून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास सिंकमध्ये आपोआप पाणी चढतं. नळ बंद असतो, मी बाहेरच्या खोलीत असते, आणि आत येऊन बघते तर निम्मं सिंक तेलकट, गढूळ पाण्याने भरलेलं. त्यात भाताची शितं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या. परवा शेवयांचे तुकडे होते. आमच्याकडे शेवया कुणी खात नाही! दुपारपर्यंत पाणी हळूहळू उतरतं, मागे चिकट थर राहतो. संध्याकाळी सातनंतर पुन्हा तेच.

ओळखीतल्या एका प्लंबरला बोलावलं. त्याने सिंकची जाळी काढून बाटलीभर ॲसिड ओतलं, धूर निघाला, सासूबाईंना खोकल्याची उबळ आली, आणि सहाशे रुपये घेऊन तो गेला. तीन-चार दिवस बरं होतं. मग मी दुकानातून पाईप साफ करायची पावडर आणली, तिचाही उपयोग नाही. सिंकच्या तळाची स्टीलची कपलिंग मात्र काळी पडली.

सेक्रेटरी म्हणतात, सिंक तुमचं, तुंबलं तर तुम्हीच निस्तरा. नेमकं कुठे तुंबलंय हे कळणार कसं? आणि खर्च कुणाचा? शिवाय मागच्या न्हाणीघरात अधूनमधून गटाराचा वास येतो, तो याच कारणाने का?

सुगरण_नाशिक

अर्धी वाटी खायचा सोडा, वर वाटीभर व्हिनेगर, दहा मिनिटांनी उकळतं पाणी. आमच्याकडे दर रविवारी करते. कधीच तुंबत नाही.

नळवाला

ताई, आधी ते ॲसिड आणि पावडर दोन्ही थांबवा. हे तुमचं पाणीच नाही. शेवयांनी साक्ष दिली ना.

स्वयंपाकघरांची एक उभी लाईन असते. चौथ्या मजल्यापासून निघते, इमारतीच्या मागे खाली उतरते आणि चारी घरांच्या सिंकांचं पाणी तिच्यात पडतं. ती तळाशी कोंडली की वरून आलेलं पाणी पाईपातच साठत वर चढतं आणि पहिलं उघडं तोंड मिळेल तिथून बाहेर येतं. ते तोंड म्हणजे तुमचं सिंक. वरच्यांना काही कळत नाही, त्यांचं पाणी झकास जातंय. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी शपथेवर सांगतील की आमच्याकडे काही त्रास नाही, आणि त्यांचं खरंच असेल. दहा-साडेदहा ही कामवाल्या मावशींची भांड्यांची वेळ. सातला कुकर लागतात. पाणी घड्याळ बघून चढतंय, म्हणजे ते घराबाहेरचं आहे.

एक गोष्ट खटकली. तुमच्या इमारतीच्या वयाच्या स्वयंपाकघरात सिंकखाली जमिनीला नहाणी, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, असते. ती असती तर पाणी आधी तिथून निघून फरशीवर आलं असतं, सिंकमध्ये चढलंच नसतं. म्हणजे तुमच्याकडे ट्रॉल्या बसवताना ती लादीखाली गाडली आणि सिंकचा पाईप थेट भिंतीतल्या लाईनला जोडला. बरोबर का? सध्या तरी त्याने तुमच्या ट्रॉल्या वाचवल्या.

आता कुठे तुंबलंय ते पैसे न घालवता बघा. मागच्या गल्लीत उभा पाईप जिथे जमिनीला टेकतो तिथे चौकोनी जाळीचा खड्डा असेल, तो गली ट्रॅप. त्याच्या पलीकडे झाकणाचं चेंबर. एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या मजल्यावरच्या सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतायचं. खाली पाणी आलंच नाही किंवा थेंबथेंब आलं, आणि गली ट्रॅप रिकामा, तर अडथळा उभ्या पाईपात किंवा त्याच्या तळाच्या वळणात. गली ट्रॅपच काठोकाठ भरलेला आणि चेंबर कोरडं, तर गली ट्रॅपमध्ये. चेंबरही भरलेलं, तर त्याच्या पुढे, आणि मग ते प्रकरण फक्त तुमच्या लाईनचं नाही, अख्ख्या सोसायटीचं. खालच्या दुकानात मोरी किंवा बेसिन आहे का तेही बघा. ते याच लाईनवर असेल आणि तिथे पाणी चढत नसेल, तर अडथळा दुकानाच्या वर आहे.

मी पैज लावतो तळाच्या वळणावर. नव्वद टक्के घाण तिथेच बसते. पाणी वरून सरळ जोरात येतं आणि आडवं वळताना मंदावतं, तिथे तेल चिकटतं, तेलावर चोथा, चोथ्यावर शितं. त्यात तुमचा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. फराळाच्या कढया सगळ्यांनी साबणाने धुतल्या, तेल पाण्याबरोबर गेलं, पण पाईपात थंड झाल्यावर ते साबणाला सोडून भिंतीला बसतं. खोबरेल तर 24-25 अंशांच्या खाली गेलं की थिजतंच, डालडा त्याच्याही आधी. डिसेंबर-जानेवारीत माझा फोन बंद होत नाही तो याच लाईनींमुळे.

तळाशी वळणाजवळ एक दार असलेला टी असतो, म्हणजे T आकाराचा पाईपाचा जोड, त्याला चार बोल्टचं झाकण. ते उघडून स्प्रिंग, म्हणजे तुंबलेलं फोडायची लांब लवचिक तार, घालायची. पण ते उघडणाऱ्याला आधी सांगा की वर पाणी उभं आहे. दुकानाची उंची अधिक तुमच्या सिंकपर्यंत धरा चार मीटर. तीन इंची पाईप असेल तर त्यात सतरा-अठरा लिटर पाणी, म्हणजे मोठी बादली, आणि ते सगळं एकदम झाकणातून अंगावर येतं. त्यात तुमचं ॲसिड आणि पावडर असेल तर ती पण. माझ्या एका पोऱ्याच्या मनगटावर अजून डाग आहे, घरमालकाने पावडर टाकल्याचं सांगितलं नव्हतं. म्हणून बोल्ट पूर्ण काढायचे नाहीत, दोन सैल करायचे, झाकण किंचित तिरकं करून पाणी गळू द्यायचं, बाजूला उभं राहायचं, हातमोजे आणि चष्मा घालून.

मी हे काम शिकलो माझ्या उस्तादाकडून. तो ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. तिकडची गावंच्या गावं नळकामाला देशभर पांगलीत, पट्टामुंडईला तर प्लंबिंगची सरकारी शिक्षणसंस्था आहे. उस्ताद घरात शिरला की हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवायचा आणि आधी सगळ्या नळांखाली कान लावून फिरायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, याला पैसे कशाचे. पण तो फोडाफोडी एकाच जागी करायचा, आणि तीच जागा बरोबर निघायची.

सुगरणताई, रागावू नका. तुमचं दर रविवारचं सुरू ठेवा, पण सोडा-व्हिनेगर बाजूला ठेवून नुसतं गरम पाणी ओतलं तरी तेवढाच उपयोग होईल. आणि उकळतं नको. प्लास्टिकचे पाईप ऐंशी अंशांच्या आसपास नरम पडतात, सिंकखालचा पन्हळीदार पाईप तर आधीच लुळा असतो. अंघोळीला काढतो तितकं कढत पुरे.

चाफेकळी

दादा, अगदी बरोबर! ट्रॉल्या 2016 मध्ये केल्या तेव्हा खालची नहाणी बंद केली होती. कंत्राटदार म्हणाला, झुरळं येणार नाहीत.

आज मिस्टर मागच्या गल्लीत जाऊन आले. खालच्या फरसाणवाल्याने तिथे पत्र्याची शेड टाकलीये, लादी बसवलीये, आणि तेलाचे डबे रचलेत. गली ट्रॅप दिसतच नाही. पाईप लादीत घुसतो तेवढंच दिसतं. चेंबर आहे ते शेडच्या बाहेर, ते उघडलं तर आत थोडंसं पाणी वाहत होतं, भरलेलं नव्हतं. दुकानात बेसिन आहे पण ते दर्शनी बाजूला, त्याची लाईन वेगळी असं तो म्हणतो. पाईप काळा, लोखंडी वाटतो.

सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, पाचशे रुपयांत एक मुलगा मिळतो, त्याला चेंबरमध्ये उतरवून आतून सळई घालायला सांगतो.

रसायनी_काका

एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात नोकरी झाली, म्हणून एवढंच सांगतो. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते चुना खातं, सिमेंट खातं, लोखंड खातं, स्टीलची कपलिंग काळी करतं. तेल आणि केस यांना ते हातही लावत नाही. पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. तो तेलाचा साबण करतो हे खरं, पण त्याला तेलापर्यंत पोहोचावं लागतं. चार मीटर पाणी उभं असताना तो वरच पातळ होऊन बसतो. कमी पडला तर जो साबण होतो तो पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून आणखी कडक गठ्ठा होतो, बोअरचं पाणी असेल तर हमखास. बऱ्याच पावडरीत ॲल्युमिनियमचे बारीक कणही असतात, कॉस्टिकबरोबर ते हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडतात, म्हणून तो खदखदाट. जवळ गॅसची शेगडी असते हे लक्षात घ्या.

ॲसिडनंतर कॉस्टिक, किंवा कॉस्टिकनंतर ॲसिड ओतलं की मिश्रण उसळून तोंडावर येऊ शकतं. ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र झालं तर क्लोरिन हा विषारी वायू. सासूबाईंना परत खोकवू नका. सोडा-व्हिनेगरचं काय, दोघं एकमेकांना मारतात, बुडबुडे निघून जातात, खाली राहतं खारट पाणी.

माजी_खजिनदार

खर्चाचं बोलतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी, म्हणजे संस्था चालवायचे नमुना नियम, आहेत त्यांत दुरुस्तीची वाटणी स्पष्ट आहे. ड्रेनेज लाईन, बाहेरचे सामाईक पाईप आणि त्यांच्यातून होणारी गळती, हे सगळं संस्थेच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतलं सभासदाने करायचं. तुमच्या सिंकपासून उभ्या लाईनीला जोडेपर्यंतचा तुकडा तुमचा, उभी लाईन संस्थेची. तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, सोबत सिंकचे फोटो, वेळेसहित, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारलेत ते कार्यालयात बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे.

गली ट्रॅपवर लादी बसवणं हा वेगळा विषय. मागची गल्ली सामाईक. त्याचाही उल्लेख त्याच अर्जात करा, पण भांडणाच्या सुरात नको, "सफाईसाठी जागा मोकळी करून मिळावी" एवढंच. आमच्याकडे भांडणाच्या सुरात केलं होतं, दोन वर्षं गेली.

नळवाला

चेंबर कोरडं नाही पण भरलेलंही नाही, म्हणजे मी म्हणतोय तिथेच आहे. वळण किंवा गली ट्रॅप, दोन्ही त्या लादीखाली. दार असलेला टी पण बहुतेक गाडला गेलाय.

आता त्या पाचशे रुपयांच्या मुलाबद्दल. सेक्रेटरींना माझ्या नावाने सांगा, कुणालाही उतरवायचं नाही. चेंबरमधून हात घालून होण्यासारखं काम असेल तर वरून करा, माणूस आत घालायचा नाही. कुजलेल्या घाणीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं वास गेला. मग तो आत वाकतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही राहतो. पेपरात दोन-तीन माणसं एकदम गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. 2013 च्या कायद्याने असं धोकादायक सफाईला माणूस लावणं गुन्हा आहे, आणि लावणारा म्हणजे फक्त महापालिका नव्हे. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अशा मृत्यूला दहा लाख भरपाई सांगितली होती, 2023 मध्ये ती तीस लाख केली. पाचशे वाचवायला निघालेत. आणि खरं तर त्या मुलाला उतरवून उपयोगही नाही, चेंबरच्या बाजूने सळई गली ट्रॅपच्या वाकड्या भागात अडकते, वरच्या वळणापर्यंत जातच नाही.

करायचं काय? पाईप काळा म्हणजे बिडाचा. बीड कडक पण ठिसूळ, त्यात शिशाचे जुने सांधे. त्यामुळे हातोडा नको, आणि ॲसिडने सांधे आणखी खिळखिळे झाले असतील ते वेगळं. फरसाणवाल्याची लादी पाईपाभोवती दीड-दोन फूट काढायची. टी सापडला तर त्यातून, नाही सापडला तर गली ट्रॅपची जाळी काढून वरच्या दिशेने स्प्रिंग. मोटारवाली स्प्रिंग असलेला माणूस बोलवा. प्रेशरचं पाणी मारणारी मशीन पण असते, पण जुन्या बिडावर ती चालवताना माणूस जाणकार हवा. काम चालू असताना चारी मजल्यांना तासभर नळ बंद ठेवायला सांगा. दारावर चिठ्ठी पुरत नाही, प्रत्येक घरची बेल वाजवा. मी झाकण उघडून वाकलोय आणि वर कुणीतरी इडलीचं भांडं धुतलंय, असं झालेलं आहे.

हे काम फरसाणवाल्याच्याही फायद्याचं आहे हेही त्याला समजावा. त्याच्या तेलाचं पाणी त्याच गली ट्रॅपमध्ये सांडत असणार, शेड तिथे आहे ती उगीच नाही.

न्हाणीघराचा वास वेगळा. त्याचा सिंकशी संबंध नाही. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, ते पाणीच गटाराच्या वायूला अडवतं. तुमचं मागचं न्हाणीघर रोज वापरात नसेल तर ते आटतं. आठवड्यातून दोन तांबे ओता. मे महिन्यात गावी जाताना वरून चमचाभर तेल सोडा, पाणी आटत नाही. हो, मीच तेल टाका म्हणतोय, चमचाभर. दुसरं कारण, ट्रॅपच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, ती वाटी पाणी अडवून धरते. केस अडकतात म्हणून कुणीतरी ती काढून खिडकीत ठेवते आणि विसरते. खिडकीत बघा. तिसरं, वरून कुणी बादली ओतली की तुमची नहाणी गुडगुडते का? गुडगुडत असेल तर हवा कमी पडतेय आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. मग गच्चीवर जा. पाईपाचं वरचं टोक उघडं असायला हवं, त्यावर जाळीची टोपी. गच्चीवर पत्रा टाकताना ते कापून बंद केलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

चाफेकळी

अपडेट देते. अर्ज दिला, पोच घेतली. सेक्रेटरी पहिल्यांदा घुम्म झाले, मग तीस लाखांचा आकडा ऐकून मशीनवाल्याचा नंबर त्यांनीच शोधला.

लादी काढल्यावर टी सापडला, बोल्ट गंजलेले होते. दोन सैल केले, आणि काळं पाणी जे आलं ते बादलीपेक्षा जास्तच होतं. वळणात राखाडी, मेणासारखा दगड झालेला गोळा. मशीनवाल्याने तो फोडून बाहेर काढला तेव्हा आत काय काय होतं! तारेची घासणी, नारळाच्या शेंड्या, एक प्लास्टिकचा चमचा, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, ओंजळभर. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे काय माझे नव्हेत, मी दात लावून फोडते." सगळे हसले.

खर्च सोसायटीने दिला. फरसाणवाला लादी परत बसवायला निघाला होता, त्याला मिस्टरांनी तिथे उचलता येणारं झाकण करायला लावलं. न्हाणीघरातली वाटी सापडली. खिडकीत नव्हती, कुंडीखाली होती, झाडाचं पाणी गळू नये म्हणून!

आता परत होऊ नये म्हणून घरात काय करू?

नळवाला

झाकण करून घेतलंत हे सगळ्यात उत्तम.

घरात फार काही नाही. कढई धुण्याआधी रद्दी कागदाने किंवा उरलेल्या पिठाने पुसून घ्यायची, तो कागद ओल्या कचऱ्यात. तळणीचं उरलेलं तेल गाळून बाटलीत भरायचं, सिंकमध्ये कधीच नाही. पोळ्यांच्या परातीचं कणीक लागलेलं पाणी हे भाताच्या पेजेइतकंच वाईट, ते आधी उलथन्याने खरवडा. सिंकवर बारीक भोकांची जाळी, आणि ती मावशींनी पाणी लवकर जात नाही म्हणून उचलून ठेवलेली नाही ना, ते बघत जा. पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, लोंबता ठेवायचा. नारळाची शेंडी घासायला वापरणारं वरती कोणी असेल तर त्यांना प्लास्टिकची घासणी भेट द्या, भांडू नका. शाडूचा गणपती घरी बादलीत विसर्जन करणारे असतील तर त्यांनाही सांगा, ती माती कुंड्यांत. न्हाणीत ओतली की ट्रॅपच्या तळाशी विटेसारखी बसते, भाद्रपदात मला तीच कामं असतात.

आणि सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाईपातला बाटलीसारखा भाग, महिन्या-दोन महिन्यांनी हाताने फिरवून उघडा, खाली बादली ठेवून. त्याला पकड-पाना लागत नाही. रबराची चकती हरवू नका, उलटीही बसवू नका.

सोसायटीने वर्षातून एकदा, दिवाळी झाल्यावर, सगळ्या लाईनींचे टी उघडून बघावेत. चाळीस घरं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मिठाईच्या डब्याएवढाही खर्च येत नाही.

गच्चीवरचा

धागा चांगला. नळवाला, आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, त्याचं पाणी गॅलरीच्या कोपऱ्यातल्या पाईपात सोडलंय. खालचे म्हणतात त्यांच्या गॅलरीत फेस येतो. हेही तसंच का?

नळवाला

तो पाईप पावसाच्या पाण्याचा आहे का ते आधी बघा. गच्चीवरून सरळ येत असेल तर आहे. मग मशीनचं पाणी त्यात सोडायचंच नाही, ते पावसाळी गटारात जातं, मैलापाण्याच्या लाईनीत नाही. फेसाचं दुखणं वेगळं, आणि त्यावर मला बरंच बोलायचंय. नवा धागा काढा, पाईपाचा वरपासून खालपर्यंत फोटो टाका.